श्रद्धा येशूवर, दाखल्यावर ‘हिंदू’ : ख्रिस्ती बांधवांना दुटप्पी म्हणण्यापूर्वी

कोल्हापूर-सांगली भागात आपल्या वस्त्यांना लागूनच ख्रिस्ती घरे आहेत. आडनावे तीच, सोयरिकीही कुठे कुठे जुळलेल्या. दारावर क्रूस, रविवारी चर्च, आणि जातीच्या दाखल्यावर मात्र ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’. आपल्या तरुण कार्यकर्त्यांना हा माणूस दुटप्पी वाटतो. ‘धर्म घ्यायचा तर उघड घ्या’ असे ते म्हणतात. आम्हाला हा शेरा घाईचा वाटतो. या माणसाच्या आयुष्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक त्याची येशूवरची श्रद्धा. दुसरी ख्रिस्ती धर्म नावाची संघटना : पाळक, मिशन, बाप्तिस्म्याची नोंदवही, मालमत्ता आणि सरकारी फॉर्ममधला रकाना.

या दोन गोष्टींतला झगडा महाराष्ट्राला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लगेच त्यांचे तिथल्या धर्मभगिनींशी खटके उडू लागले. चर्चने सांगितलेला प्रत्येक सिद्धांत, विशेषतः त्रैक्याचा, न तपासता मानायला रमाबाई तयार नव्हत्या. भटशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर पुन्हा दुसऱ्या धर्मगुरूंची आज्ञा का पाळायची, असा त्यांच्या पत्रांतला सवाल होता. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत तर त्यांनी स्पष्टच म्हटले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी. धर्म मिळणे आणि श्रद्धा मिळणे यांच्या तारखाच वेगळ्या!

खुद्द कोल्हापुरात मिशन आणणारे रॉयल वायल्डरही आपल्या संस्थेशी भांडले. ते १८५२ साली इथे आले. शाळांवर भर द्यायचा की उपदेशावर, यावरून अमेरिकन बोर्डाशी त्यांचे बिनसले, तेव्हा कोणत्याही संस्थेच्या आधाराशिवाय त्यांनी काम चालू ठेवले. १८७० साली प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते हाती घेतले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण आपल्याला अधिक उपयोगाचे आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येऊ शकत होते. नोंदवहीत नाव असो वा नसो, येशूचा शिष्य तो शिष्य. विदेशी मिशनच्या छत्राखालचा ख्रिस्ती धर्म त्यांना परका वाटत होता, म्हणून अभंग आणि कीर्तन ही त्यांची साधने. १९१९ साली टिळक गेले आणि दरबारही फार टिकला नाही.

इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. रमाबाई आणि टिळक दोघेही जन्माने ब्राह्मण, विद्वान, नाव असलेले. संघटनेला नकार देऊन उभे राहण्याचे बळ त्यांच्यापाशी होते. गावकुसाबाहेरून चर्चमध्ये गेलेल्या कुटुंबाचे तसे नव्हते. मुलांची शाळा मिशनची, बोर्डिंग मिशनचे, दवाखान्यातली नोकरी मिशनची. त्यांनी मिशन सोडून जायचे कुठे? आणि चर्चमध्ये राहिले तरी जात सुटली असे नाही. बसण्याच्या जागा आणि दफनभूमी जातीप्रमाणे वेगळ्या, अशी उदाहरणे देशभर आहेत.

बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला आकर्षित केले, असे सांगून त्यांनी ख्रिस्ती समाजाला धारेवर धरले : शिक्षण असूनही तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित होऊन लढला नाहीत. त्यांच्या लेखनातही हाच मुद्दा आहे. माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे असे शिकवले, की समाजव्यवस्थेकडे बोट दाखवायची त्याची सवयच मोडते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तर धर्म वैयक्तिक असतो आणि धम्म सामाजिक, असा भेदच त्यांनी मांडला. म्हणून ‘श्रद्धा खासगी, संघटना वाईट’ हे आजकालचे सोपे सूत्र आपल्याला पुरेसे नाही. चर्चवरचा आपला आक्षेप ते संघटित आहे हा नाही. ती संघटना जातीविरुद्ध उभी राहिली नाही, हा आहे.

आता दाखल्याकडे येऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख त्यात आले आणि बौद्ध आले ते थेट १९९० मध्ये. म्हणजे धम्मदीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या कितीतरी घरांत मनात बुद्ध आणि कागदावर ‘हिंदू महार’ हीच तडजोड होती. आपल्या आजोबांना आपण दुटप्पी म्हणत नाही.

ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना तो दर्जा अजूनही नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती नियमित चर्चला जात होती, हे तिच्या विरोधात गेले. श्रद्धा मनात असली तरी न्यायालयापुढे पुरावा ठरते ती चर्चची नोंदवहीच. या प्रश्नावर केंद्राने २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

वाटेकरी वाढतील ही आपल्यातली भीती आम्ही ऐकतो, आणि ती अगदीच निराधार नाही. आरक्षणाची टक्केवारी न वाढवता यादी वाढवली तर ओढाताण होणारच. म्हणून दर्जाची मागणी आणि वाढीव वाट्याची मागणी एकत्र करावी लागेल, असे आमचे मत आहे. २०२७ च्या जनगणनेत धर्म आणि जात दोन्ही विचारले जाणार आहेत. ‘धर्म : बौद्ध’ लिहा असे सांगत आपण घरोघर फिरूच. शेजारच्या ख्रिस्ती घरावरून गप्प पुढे जाण्याऐवजी, तिथल्या तरुणांशी जातीच्या रकान्याबद्दल बोलायला आताच सुरुवात करायला हवी.