न तोडलेल्या झाडाचे पैसे कसे मोजतात?

"परदेशातून जंगलासाठी पैसे येतात, म्हणजे झाडं लावायला ना?" माझा विषय सांगितला की हा प्रश्न ठरलेला. तर, नाही. ब्राझीलच्या ॲमेझॉन फंडात पैसे येतात ते न झालेल्या तोडीबद्दल. आता जे घडलंच नाही ते मोजणार कसं? सगळी गंमत (आणि भांडणं) इथेच आहे.

हा फंड २००८ चा. सांभाळते ब्राझीलची सरकारी विकास बँक. पहिल्या दशकातला ९० टक्क्यांहून जास्त पैसा नॉर्वेचा, थोडा जर्मनीचा.

हिशेब बघा. १९९६ ते २००५ या काळात ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये वर्षाला सरासरी १९,५०० चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल तुटत होतं. ही पायारेषा. २००६ मध्ये तुटलं साधारण १४,०००. म्हणजे साडेपाच हजार 'वाचलं'. हेक्टरी १०० टन कार्बन धरला (मुद्दाम कमी, फुगवला असं कुणी म्हणू नये म्हणून), तर कार्बन डायऑक्साइड होतो ३६७ टन. टनाला ५ डॉलर. गुणाकार करून बघा, त्या एका वर्षाचे जवळजवळ १ अब्ज डॉलर होतात. अर्थात तेवढे लगेच कुणी देत नाही. ही फक्त देणगी घेण्याची कमाल मर्यादा. आणि देणाऱ्याला काय मिळतं? एक प्रमाणपत्र. ते विकता येत नाही, त्यावर स्वतःचं प्रदूषण माफ करून घेता येत नाही.

पायारेषा दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. तोड कमी झाली की ती खाली येते, म्हणजे पुढची कमाई अवघड. आणि ज्याने आधीपासूनच जंगल राखलं त्याचं काय? गयानात तोड नगण्यच होती. २००९ मध्ये नॉर्वेने त्यांच्याशी करार केला तेव्हा पायारेषा प्रत्यक्ष तोडीच्या वर धरावी लागली, नाहीतर शहाण्या मुलाला बक्षीसच नाही!

मग पैशाने जंगल वाचलं का? इथे मी जरा हात आखडता घेतो. ब्राझीलमधली मोठी घट २००४ नंतरची, म्हणजे फंडाच्या आधीपासूनची. उपग्रहाची नजर, छापे, सोयाबीन व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये केलेला करार, बेकायदा तोड करणाऱ्यांची कर्जं अडवणं, हे श्रेय आधी द्यावं लागतं. फंडाने त्या यंत्रणेला बळ दिलं: अग्निशमन दलं, जमिनींची नोंदणी, आदिवासी संघटनांची कामं.

२०१९ मध्ये बोल्सोनारो सरकारने फंडाच्या समित्याच बरखास्त केल्या. नॉर्वे-जर्मनीने हात थांबवला, आणि सुमारे ३ अब्ज रियाल बँकेत पडून राहिले. २०२१ मध्ये तोड १३,००० चौरस किलोमीटरवर गेली. जानेवारी २०२३ मध्ये लुला परत आल्यावर फंड सुरू झाला, तेव्हा त्या खात्यातली रक्कम तशीच होती. मधल्या चार वर्षांतलं जंगल मात्र नव्हतं.