श्वास आपला की उसना?

आमच्या सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून एखादी स्पोर्ट्‌स मोटार गुरगुरत गेली, की घरातल्या तरुण मंडळींत दोन तट पडतात. एक तट टर्बोवाल्यांचा, दुसरा साध्या इंजिनवाल्यांचा. मी पडलो मराठीचा मास्तर. माझी धाव आधी शब्दाकडे. लॅटिन भाषेत ‘टर्बो’ म्हणजे भोवरा! साधे इंजिन आपल्याच दमाने हवा ओढते. टर्बोत मात्र वाया जाणारा धूर एक चक्र भोवऱ्यासारखे फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा जोर! स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले.

दाखला आपल्याकडचाच घ्या. गोव्यात तयार झालेल्या दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ला रेनोचे ११४९ सी. सी. चे साधे इंजिन होते. अश्वशक्ती सुमारे ६०. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात झळकलेली ‘डीसी अवंती’ पुढे बाजारात आली ती रेनोचेच २ लिटरचे टर्बो इंजिन घेऊन. अश्वशक्ती सुमारे २५०. लिटरमागे हिशेब केला, तर ५२ विरुद्ध १२५!

मग साध्या इंजिनाचे कौतुक कशाला? तर ते पाय दाबताच ओ देते. भोवऱ्याला वेग घ्यायला मात्र क्षणभर लागतो. नव्या गाड्यांत तो क्षण आखडला आहे, पण संपलेला नाही. आणि अरुंद रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना तोच जिवावर बेतू शकतो. म्हणून पोरांनो, अश्वशक्तीचा आकडा मागाहून विचारा; जोर किती फेऱ्यांना लागतो, ते आधी विचारा!