पहिल्यांदा उडवणारा माणूस

आमच्या मुरूम गावात विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. हाताला लागेल इतकं जवळून विमान पाहिलं ते पुण्यात शिकायला आल्यावर, कमला नेहरू पार्कात. लांब टोकदार नाक, शेपटीखाली धुराड्यासारखी दोन भोकं. आसपास पोरं घसरगुंडीसाठी भांडत होती, विमानाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते ‘मरुत’ होतं, भारतातच विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. आणि त्याचा आराखडा होता कुर्ट टँक या जर्मनाचा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची भिस्त दोन लढाऊ विमानांवर होती. एक विली मेसरश्मिटचं १०९, दुसरं टँकचं फोके-वुल्फ १९०. ती चालवायला कशी होती हे शत्रूच्याच चाचणी वैमानिकांनी उत्तम सांगितलंय. त्यातला मोठा माणूस ब्रिटिश नौदलाचा एरिक ब्राउन. आयुष्यात ४८७ प्रकारची विमानं उडवलेला हा गडी अंगाने लहानखुरा, तरीही १०९ मध्ये त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. चाकं एकमेकांच्या इतकी जवळ, की धावपट्टीवर विमान कधी आडवं फिरेल याचा नेम नाही. वेग वाढला की दांडा दोन्ही हातांनी ओढावा इतका जड.

१९० ची गोष्ट वेगळी. टँक पहिल्या महायुद्धात घोडदळात होता. त्याला शर्यतीचा नाजूक घोडा नको होता, चिखलात राबणारा लष्करी घोडा हवा होता. म्हणून चाकं रुंद आणि दणकट. इंजिनाचा बहुतेक कारभार एकाच दांड्यावर. जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक दिशा चुकून थेट वेल्समधल्या ब्रिटिश तळावर उतरला आणि हे विमान इंग्रजांना आयतं मिळालं. चाचणीत निघालं काय, तर त्यांच्या तेव्हाच्या स्पिटफायरला ते बहुतेक बाबतींत भारी. फक्त तंग वळण घेण्यात स्पिटफायर सरस. खोट एक होती: वेग फार कमी झाला की काही सूचना न देता डावा पंख धाडकन खाली जायचा. अशी खोट कागदावर सापडत नाही. ती शोधायला कुणीतरी वर जाऊन मुद्दाम विमान पाडल्यासारखं करावं लागतं.

युद्धानंतर हाच टँक १९५६ साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला. तिथे आपले विष्णू माधव घाटगे आधीपासून होते, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. मरुतचं आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं. डाकोटा विमानाने ते दोराने ओढून वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. इंजिनच नाही, म्हणजे उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाण्याची सोय नाही. या चाचण्यांतला मुख्य माणूस म्हणजे चाचणी वैमानिक सुरंजन दास. १७ जून १९६१ ला खरं मरुत पहिल्यांदा आकाशात नेलं तेही त्यांनीच. पुढे १९६४ मध्ये घाटग्यांच्या आराखड्याचं ‘किरण’ हे प्रशिक्षण विमानही पहिल्यांदा त्यांनीच उडवलं.

माझ्या मते मरुतचा सांगाडा फर्स्टक्लास होता, दैव आडवं आलं ते इंजिनात. ठरवलेलं जोरदार इंजिन मिळालं नाही, कमी ताकदीची दोन ऑर्फियस बसवून भागवावं लागलं. त्या उणिवेवर उपाय म्हणून आफ्टरबर्नर लावलेलं मरुत घेऊन दास १० जानेवारी १९७० ला निघाले. उड्डाणातच अपघात झाला आणि ते गेले. बंगळूरमधल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. पुढच्याच वर्षी, १९७१ च्या युद्धात, राजस्थानच्या आघाडीवर मरुत लढलं आणि हवाई लढतीत एकही मरुत गमावलं नाही. एकूण १४७ बनली.

मला खरी गंमत वाटते ती पुढचीच. तिकडे मेसरश्मिटचं शेवटचं लढाऊ विमान, एचए-३००, इजिप्तमध्ये बनत होतं. ७ मार्च १९६४ ला हेलवानला ते पहिल्यांदा कुणी उडवलं? भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी. म्हणजे युद्धकाळातले दोन प्रतिस्पर्धी जर्मन, आणि दोघांच्याही शेवटच्या लढाऊ विमानांत पहिल्यांदा बसले ते आपले वैमानिक. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकातही नव्हतं.

इजिप्तचा प्रकल्प १९६९ मध्ये गुंडाळला गेला. आज म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयात ते एचए-३०० जपून ठेवलंय. त्याच संग्रहालयात एक मरुतही आहे.