इंदुरीचा पाऊस इंदुरीतच मोजावा

लोणावळ्यात कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने कमी होतो. त्यामुळे इंद्रायणीकाठच्या इंदुरीला लोणावळ्याचा आकडा लागू पडत नाही. घरगुती हवामान केंद्राचे मोल इथेच आहे. बाहेरचे संवेदक रेडिओलहरींनी नोंदी पाठवतात, घरातला पडदा त्या दाखवतो. जाड भिंत किंवा लोखंडी पत्रा आड आला, की संदेश क्षीण होतो.

तापमापक भर उन्हात ठेवला, तर तो हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. त्याला झडपांचे पांढरे आवरण हवे आणि जागा तापलेल्या स्लॅबपासून दूर, जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर.

खरी कसोटी पर्जन्यमापकाची. नरसाळ्याखाली तराजूसारख्या दोन लहान पळ्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी वर येते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. मावळातल्या मुसळधार सरीत पळी कलंडत असतानाही पाणी पडतच राहते, म्हणून आकडा कमी भरतो. शेजारी साधे मोजपात्र ठेवून पडताळा घेणे उत्तम. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर पाणी. भारतीय हवामान विभागाप्रमाणे सकाळी ८.३० ला नोंद घेतली, तर तुलना सोपी जाते. पावसाळ्याआधी नरसाळ्यातला पालापाचोळा मात्र काढायलाच हवा.