उलटलेला ट्रॅक्टर आणि त्याचे तेल : गैरसमज व वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या, चिकण जमिनीत पावसाळ्यानंतर पांदणींची जी अवस्था होते, आणि पुसद-उमरखेडकडील चढउतारांवरून कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या ज्या रीतीने जिनिंगकडे हाकल्या जातात, ती पाहता एखादा ट्रॅक्टर धुऱ्यावरून वा नाल्याच्या काठावरून कलंडणे मुळीच अपूर्व नव्हे. अशा प्रसंगी माणसाची सुटका व औषधोपचार यांस अग्रक्रम, हे सांगणे न लगे; परंतु यंत्र सरळ होताच जमलेल्या मंडळींकडून जे सल्ले मिळतात, त्यांतील कित्येक इंजिनाच्या मुळावर येणारे असल्यामुळे त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : जमिनीवर सांडले तेवढेच तेल गेले, पट्टीवर तेल दिसले की निर्धास्त व्हावे.

वस्तुस्थिती : ट्रॅक्टर आडवा वा उलटा पडला असता चेंबरमधील तेल पिस्टनच्या रिंगांमधून सिलिंडरच्या माथ्याकडे झिरपू शकते, ब्रीदरवाटे बाहेर येते, आणि जुन्या धर्तीच्या एअर क्लीनरच्या वाटीतील तेल तर थेट हवेच्या मार्गात ओघळते. पट्टी केवळ चेंबरची हकिकत सांगते; माथ्यावर साचलेल्या तेलाची तिला वार्ता नसते.

गैरसमज : सेल्फ मारावा; न घेतल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करावा.

वस्तुस्थिती : हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. अडीच लिटर क्षमतेच्या तीन सिलिंडरी डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर प्रत्येक माथ्यावर सुमारे 50 घनसेंटिमीटर एवढीच जागा उरते. तितके तेल तेथे साचले असल्यास पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून सुरू करण्यात चाकांचा सारा जोर त्या रॉडवर येत असल्याने तो उपाय सेल्फहूनही घातक होय.

गैरसमज : इंजिन भडकले तर स्टॉपची दांडी ओढली की बंद पडते.

वस्तुस्थिती : ती दांडी पंपातून येणारे डिझेल तोडते, पण हवेच्या मार्गात शिरलेले तेलच इंधन बनले असल्यास इंजिन तिला दाद न देता बेफाम फिरत राहते. तेव्हा हवेचे तोंड जाड फळीने झाकणे हाच इलाज. हात वा सैल फडके तेथे कदापि नेऊ नये.

गैरसमज : पडूनही इंजिन चालूच राहिले, म्हणजे ते सुखरूप आहे.

वस्तुस्थिती : तेलपंपाची जाळी चेंबरच्या तळाशी असते, यंत्र कलताच तेल तिच्यापासून दूर जाते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगे कोरडी घासतात. म्हणून उलटलेले इंजिन, जवळ जाणे निर्धोक असेल तर, तत्क्षणी बंद करावे.

मग करावे काय? बॅटरीची तार सोडून ट्रॅक्टर सपाट जागी काही तास उभा ठेवावा. एअर क्लीनर व त्यापुढील नळी पुसून कोरडी करावी. मिस्त्रीकडून सर्व नोझल काढवून, डिझेल बंद ठेवून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे साचलेले तेल छिद्रांतून बाहेर येते, मात्र त्या वेळी तोंड त्या बाजूस नसावे. नोझल बसवताना तांब्याचे वॉशर नवे घ्यावेत. पट्टीप्रमाणे तेल भरावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी आणि पातळ होऊन डिझेलचा वास मारत असल्यास डिझेल मिसळले असे समजून सारे बदलावे. एवढे झाल्यावरच सेल्फ मारावा, आणि तेलाच्या दाबाचा दिवा काही क्षणांत न विझल्यास इंजिन लागलीच बंद करावे.