यंत्राचा कान आणि पालघरची बोली

संध्याकाळी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटली की बोईसरच्या फलाटावर मोबाईलशी बोलणारी माणसे दिसतात. ती सारीच कोणाशी संभाषण करीत असतात असे नव्हे. काही जण मोबाईल तोंडाजवळ धरून एकेक शब्द सावकाश उच्चारतात, पडद्यावर उमटलेला मजकूर वाचतात, कपाळाला आठ्या घालतात आणि तेच वाक्य पुन्हा, थोडे अधिक पुस्तकी करून म्हणतात. बोललेले आपोआप लिहून देणारी ही सोय गूगल कंपनीने ऑगस्ट 2017 मध्ये मराठीसाठी उपलब्ध केली आणि मोबाईलवर जोडाक्षरे जुळवताना ज्यांची बोटे अडखळत, त्यांची मोठीच सुटका झाली.

ही सुटका क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. एके काळी लिहिता न येणारा माणूस पोस्टाच्या दारात बसलेल्या लेखनिकापुढे जाऊन घरचे सुखदुःख सांगे. आज त्याला परक्यापुढे मन उघडे करावे लागत नाही. परंतु तो लेखनिक शब्द न समजल्यास मान वर करून विचारी. यंत्र विचारीत नाही. कानी आलेल्या ध्वनीचे बारीक तुकडे पाडायचे, पूर्वी ऐकवलेल्या असंख्य नमुन्यांशी ते ताडून पाहायचे आणि सर्वांत संभवनीय शब्द पुढे करायचा, ही त्याची रीत. साहजिकच क्वचित ऐकलेल्या शब्दाऐवजी पुष्कळदा ऐकलेला शब्द पत्करणे हा त्याचा स्वभाव बनतो. सातपाटीच्या कोळणीने सांगितलेल्या दाढा माशाचा पडद्यावर दादा झाला, तर नवल वाटू नये.

अशा चुकीवर हसता येते. प्रत्येक चुकीवर हसता येत नाही. मराठीत प्रश्न आणि विधान यांतील भेद कित्येकदा केवळ आवाजाच्या चढउतारावर अवलंबून असतो. 'व्हॉल्व्ह बंद केला' हे शब्द वर चढत्या सुरात म्हटले तर चौकशी, सरळ म्हटले तर खात्री. यंत्राने शब्द अचूक टिपले, पण प्रश्नचिन्ह गाळले, तर पाळी बदलताना आलेला तो निरोप वाचणाऱ्याने काय समजावे? तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत झालेल्या दुर्घटना ध्यानात घेता, कामाचा असा निरोप पाठवण्यापूर्वी एकदा वाचून पाहणे एवढी शिस्त तरी अवश्य हवी.

याहून खोल प्रश्न बोलींचा आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाषेच्या दृष्टीने फार श्रीमंत आहे. किनाऱ्यावर वाडवळी व मांगेली. डोंगराकडे वारली, कातकरी, कोकणा. आणि 1969 मध्ये सुरू झालेले अणुविद्युत केंद्र व त्यानंतर वाढलेले कारखाने यांमुळे देशभरातून आलेल्यांच्या भाषा निराळ्याच. मोबाईलच्या यादीत मात्र 'मराठी' एवढेच लिहिलेले असते आणि ती मराठी प्रामुख्याने प्रमाण मराठी होय. म्हणून जव्हारहून बोईसरला कामाला आलेला वारली तरुण आईला निरोप सांगतानाही शाळेतली भाषा वापरतो. ज्या बोलीत आई त्याच्याशी बोलते, ती यंत्राला कळत नाही. वर्गात शिक्षकाने बोलीला अशुद्ध म्हटले तर त्याला निदान जाब विचारता येतो. खिशातील या परीक्षकाला कोण विचारणार?

या जिल्ह्याला वेगळी वाट ठाऊक आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात मूल शाळेत येत नाही म्हणून मुलाला दोष दिला नाही. शाळाच त्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी तर कुरणात नेली. यंत्रालाही असेच नेता येईल. केंद्र सरकारने 2022 मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला आहे. तथापि त्याचा मुख्य भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांवर आहे, आणि वारली त्या अनुसूचीत नाही.

यंत्राला बोली शिकवायची तर ध्वनिमुद्रित वाक्ये आणि त्यांखाली कोणीतरी लिहून दिलेला बरहुकूम मजकूर, असे दोन्ही लागते. 1962 चे लेखननियम प्रमाण मराठीसाठी आहेत. वारलीला तसे सर्वमान्य नियम नाहीत. ते ठरवू शकतील अशी माणसे पुण्या-मुंबईपेक्षा विक्रमगड-मोखाड्याच्या शाळांतच सापडतील, विशेषतः वारली घरांतून आलेल्या शिक्षकांत. त्यांच्याकडून हे काम सक्तीच्या अशैक्षणिक कामांत आणखी एक म्हणून करून घेऊ नये. नमुने गोळा होण्यापूर्वीच त्या श्रमाचा मोबदला काय आणि त्या आवाजांवर हक्क कोणाचा, हे लेखी ठरले पाहिजे.