रोमन अक्षरांतील मराठी ओव्या

मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या होत्या, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. पण फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे तसेच छापले गेले. देवनागरीचे खिळे तेथे नव्हते.

रोमन अक्षरे तरी मूळची रोमची कोठे होती? फिनिशियनांपासून ती ग्रीकांनी घेतली, एत्रुस्कांमार्फत रोमला पोचली, साम्राज्याबरोबर पोर्तुगालात गेली. १५५६ साली छापखाना गोव्यात आला. एवढ्या प्रवासात ‘ळ’ची गरज कोणाला पडली नव्हती! रोमी कोंकणीत आजही ‘ळ’साठी ‘एल्’ दोनदा लिहितात. युक्ती सोपी खरी. ओवी वाचताना मात्र डोळा अडखळतो.

त्या छापाची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. त्यांतले लंडनमधील एक देवनागरीत आहे.